बुडणाऱ्या मुलीचें गाणें

आमच्या या सदरांत आजवर बहुधा जुन्या काव्यनाटकांविषयींच चार शब्द येत गेले. या खेपेस आम्ही एका अमेरिकन गायिकेच्या नव्या गीतसंग्रहाविषयीं लिहिणार आहों, हें पाहून कांहीं वडीलधारे वाचक अंक मिटवून ठेवतील, आणि त्यांच्याच घरांतील मुली तो हळूच उघडून पाहतील. दोघांनाही विनंति एकच, कीं शेवटपर्यंत वाचावें, मग रागवावें.

गायिका म्हणजे टेलर स्विफ्ट, आणि संग्रह म्हणजे ३ ऑक्टोबर २०२५ रोजीं निघालेला तिचा बारावा अल्बम, 'द लाइफ ऑफ अ शोगर्ल'. झगमगीत पोशाख करून रंगमंचावर नाचणारी-गाणारी बाई ती शोगर्ल. पेशवाईंतील 'नाटकशाळा' हा शब्द अर्थाला जवळचा आहे, परंतु त्यास जो वास येतो तो येथें नको. म्हणून मूळ शब्दच ठेवितों.

आम्ही या बाईंच्या नादीं कसे लागलों, हें आधीं सांगितलें पाहिजे. २०२० सालच्या टाळेबंदींत आमच्या थोरल्या बंधूंची नात कॉलेज बंद म्हणून घरीं आली होती. सकाळीं आम्ही ओसरीवर पोथी घेऊन बसावें आणि शेजारच्या खोलींतून तिचें गाणें सुरू व्हावें, असा क्रम चालला होता. 'आवाज लहान कर' असें सांगावयास म्हणून एके दिवशीं उठलों, आणि दारांतच उभे राहिलों. त्या जुलै महिन्यांत निघालेला 'फोकलोर' हा संग्रह लागला होता. नातीनें समजावून दिलें कीं यांतलीं तीन गाणीं मिळून एक गोष्ट होते. एक मुलगा आणि दोन मुली, आणि प्रत्येक गाणें त्यांच्यापैकीं एकाच्या तोंडचें. एकच प्रसंग तिघांच्या मुखानें तीन वेळां ऐकावा आणि तीनही वेळां आपण बोलणाऱ्याच्या बाजूचे व्हावें, ही युक्ति ज्या बाईस साधते तिला पोरकट म्हणून झटकून टाकणें आमच्यासारख्या जुन्या मास्तरास शक्य नव्हतें.

त्याच वर्षीं डिसेंबरांत 'एव्हरमोर' आला. त्यांत 'मार्जोरी' नांवाचें एक गाणें आहे. मार्जोरी फिनले ही स्विफ्टबाईंची आजी. ती ऑपेरा गाणारी होती व नात तेरा वर्षांची असतां, २००३ सालीं, वारली. नातीनें गाणें रचलें आणि त्यांत आजीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतला आवाज मागें विणला. आमच्या वहिनींना इंग्रजी अक्षराची ओळख नाहीं, त्या भाजी निवडतां निवडतां म्हणाल्या, "मागें कुणी दुसरी बाई गाते आहे का रे?" ती कोण हें सांगितल्यावर त्यांनीं विळी बाजूला सारली आणि गाणें पुन्हां लावावयास सांगितलें. तेव्हांपासून आमच्या घरांत या बाईंचा शब्द चालतो.

आतां नव्या अल्बमाकडे वळूं. त्याच्या खपाचे आंकडे डोळे दिपविणारे आहेत. एकट्या अमेरिकेंत पहिल्या आठवड्यांत, गाणीं ऐकण्याचा हिशेब धरून, ४० लाखांहून अधिक प्रती खपल्या. २०१५ सालीं ॲडेल हिच्या '२५' या संग्रहानें सुमारें ३४ लाखांचा विक्रम केला होता, तो मोडला. परंतु हा खप वाढविण्यासाठीं एकाच बारा गाण्यांच्या तिसांहून अधिक निरनिराळ्या आवृत्त्या काढिल्या, कोठें वेष्टन निराळें तर कोठें एखादें गाणें नुसत्या गिटारीवर. ही दुकानदारी आम्हांस आवडली नाहीं. शाळेंत असतांना पुस्तकवाले दरवर्षीं मुखपृष्ठ बदलून तेंच व्याकरण विकावयास आणीत, त्याची आठवण झाली.

संग्रहाचा आटोपशीरपणा मात्र आम्हांस मनापासून पसंत पडला. एप्रिल २०२४ मध्यें आलेल्या आधींच्या संग्रहांत एकतीस गाणीं होतीं, आणि तीं ऐकावयास दोन तास लागत. आमचा तर मध्येंच डोळा लागे. हा बेचाळीस मिनिटांच्या आंत संपतो. मार्च २०२३ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत चाललेल्या १४९ मैफलींच्या जगप्रवासांत, युरोपांतील मुक्कामीं सवड काढून बाई स्वीडनला जात आणि मॅक्स मार्टिन व शेलबॅक या दोघां जुन्या सहकाऱ्यांबरोबर हीं गाणीं करीत. थकलेल्या माणसाचा आनंद असा कांहींसा रंग त्यांना आला आहे.

सर्वच गाणीं चांगलीं आहेत असें नाहीं. 'वुड' हें गाणें घरांत मोठ्यानें लावण्याजोगें नाहीं. मम्मटानें अश्लीलतेचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतल्या पहिल्याचें हें उदाहरण म्हणून वर्गांत देतां येईल, आणि लगेच फळा पुसावा लागेल. द्व्यर्थी बोलणें एका ओळींत गंमत आणतें. गाणेंभर ताणलें कीं दोन अर्थांपैकीं एकही उरत नाहीं. 'ॲक्चुअली रोमँटिक' मध्यें कोणा निंदकाला टोमणे आहेत. इतक्या उंचीवर बसलेल्या बाईनें खालीं वाकून खडे मारावेत, हें शोभत नाहीं. 'एल्डेस्ट डॉटर' पांचवें आहे. बाईंच्या अल्बमांत पांचवें गाणें सर्वांत हळवें असावें असा प्रघात पडला आहे, म्हणून अपेक्षा मोठी होती. थोरल्या मुलीचें दुःख काय तें आमच्या एकत्र कुटुंबांतील वाचकांस सांगावयास नको. परंतु तेथें मधूनच फोनवरची टवाळ भाषा येते आणि डोळ्यांत येऊं पाहणारें पाणी परत जातें.

'रुइन द फ्रेंडशिप' मात्र तिच्या उत्तम गाण्यांत बसावें. शाळेंतला एक मित्र. मनांतलें बोलावें तर मैत्री बिघडेल म्हणून ती गप्प राहिली. पुढें एके दिवशीं मैत्रिणीचा फोन आला, आणि ती गांवीं गेली ती त्याच्या अंत्यविधीला. गाणें साधें आहे, चालही साधीच. आम्हीं तें दोन वेळां ऐकिलें, तिसऱ्यांदा लावूं दिलें नाहीं.

परंतु आज लेखणी हातीं घेतली ती पहिल्या गाण्यासाठीं. त्याचें नांव 'द फेट ऑफ ओफीलिया'. शेक्सपीअरचें 'हॅम्लेट' आपल्याकडे आगरकरांनीं १८८३ सालीं 'विकारविलसित' या नांवानें आणिलें, आणि गणपतराव जोशांचा चंद्रसेन पाहिलेल्या पिढीनें त्याच्या कथा पुढच्या पिढ्यांना सांगितल्या. आमच्या वडिलांनीं त्या आपल्या वडिलांकडून ऐकल्या होत्या. पण त्या सर्व कथा हॅम्लेटच्या. ओफीलियेची आठवण कोण ठेवितो? बापानें आणि भावानें तिला गप्प बसविलें, प्रियकरानें झिडकारिलें, त्याच्याच हातून बाप मेला, तिचें डोकें फिरलें. आणि फुलांचे हार घेऊन ती ओढ्यांत पडली. नाटकांत हा प्रसंग दिसत नाहीं. राणी गर्ट्रूड येऊन तो वर्णन करिते.

स्विफ्टबाईंचें गाणें म्हणतें कीं माझीही गत हीच व्हावयाची होती, पण दुरून एकानें हांक मारली, आणि जवळजवळ थडग्यांतून मला ओढून काढिलें. २६ ऑगस्ट २०२५ रोजीं या बाईंचा ट्रॅव्हिस केल्सी या फुटबॉलपटूशीं वाङ्‌निश्चय जाहीर झाला, तेव्हां हांक कोणाची हें शोधावयास टीकाकार नको. अल्बमच्या मुखपृष्ठावर त्या पाण्यांत बुडालेल्या आहेत, चेहरा तेवढा वर. गाण्याच्या चित्रपटांत आरंभींच ओफीलियेचें एक चित्र सजीव होतें. त्याच्याशीं हुबेहूब जुळणारें फ्रीड्रिख हायझर या चित्रकाराचें चित्र जर्मनींत वीसबाडेनच्या संग्रहालयांत आहे, असें लोकांच्या ध्यानांत आलें आणि तेथें तें पाहावयास झुंबड उडाली. ज्या चित्राकडे आजवर क्वचितच कोणी थांबून पाहत असेल, त्यापुढें तरुण मुली उभ्या राहिल्या. मास्तर म्हणून आम्हांस याचें फार समाधान वाटलें.

मास्तरकीबरोबर आक्षेप काढण्याची खोडही येतेच, तेव्हां तोही मांडतों. कवीनें जुन्या कथेचा शेवट फिरवूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. स्विफ्टबाईंनीं अवघ्या अठराव्या वर्षीं, २००८ सालीं, 'लव्ह स्टोरी' मध्यें रोमिओ-ज्युलिएटचें लग्न लावून दिलें होतें. आणि आपला विदर्भातील पद्मपूरचा भवभूति तर या विद्येंतला महामहोपाध्याय. वाल्मीकीची सीता धरणींत जाते; 'उत्तररामचरितां'त ती रामाला परत मिळते. पण कशी मिळते हें पाहावें. टाकलेली, प्रसूतिवेदनांनीं व्याकुळ झालेली सीता गंगेंत उडी घेते. तिला वांचवावयास कोणी पुरुष येत नाहीं. गंगा स्वतःच तिला धरिते, पृथ्वी तिला सांवरते, दोन बाळांसह तिला वर घेतात. पुढें बारा वर्षें जातात. मग तो तिसरा अंक, 'छाया' नांवाचा, आपल्याच पंचवटींतला: राम रडतो आहे आणि सीता त्याला न दिसतां जवळ उभी राहून ऐकते आहे. रामाला रडावें लागतें, मूर्च्छित व्हावें लागतें, आणि सातव्या अंकांत सर्व लोकांसमक्ष रंगभूमीवर आपल्या कृत्याचें फळ पाहावें लागतें; त्यानंतर भेट. भवभूतीनें गोड शेवटाची किंमत पुरेपूर वसूल केली आहे. स्विफ्टबाई चार मिनिटांच्या आंत उद्धार उरकतात, आणि उद्धारकर्त्याला दोन अश्रूही खर्चावे लागत नाहींत.

दुसरा आक्षेप याहून मोठा. या बाईंचें स्वतःचें चरित्र पाहावें. पहिल्या सहा अल्बमांतील गाणीं तिनें रचिलीं किंवा रचनेंत हात दिला, गळा तर तिचाच. पण मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी कंपनीची. २०१९ च्या जून महिन्यांत ती कंपनी तिच्या मनाविरुद्ध भलत्याच्या हातीं विकली गेली. दुसरी एखादी कोर्टकचेऱ्या करीत बसली असती. हिनें जुनीं गाणीं पहिल्यापासून पुन्हां म्हणावयास घेतलीं. २०२१ मध्यें दोन, २०२३ मध्यें दोन, असे चार अल्बम नवे गाऊन काढिले, आणि लोकांनीं जुने टाकून नवे घेतले. शेवटीं ३० मे २०२५ रोजीं तिनें सर्व मूळ मुद्रणें विकत घेतल्याचें जाहीर केलें. सहा वर्षें पाण्यांत हातपाय मारून जी स्वतः कांठाला लागली, तिनें चार महिन्यांनीं 'मला कोणी तरी येऊन काढिलें' असें गाणें गावें? याच अल्बमांत 'ओपलाइट' म्हणून एक गाणें आहे. ओपलाइट म्हणजे माणसानें घडविलेलें रत्न. सुखही तसेंच हातानें घडवावें लागतें असें तेथें तीच सुचविते. मग पहिल्या गाण्यांत हा परावलंब कशाला?

हें सर्व आम्हीं नातीला सांगितलें. आतां ती नोकरी करिते, सुटीपुरती येते. तिनें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "आजोबा, बुडणाऱ्यानें स्वतःच पोहून यावें हा तुमचा हट्ट कां? ती सहा वर्षें पोहलीच ना? दमली असेल. कुणी हात दिला तर तिनें तो घेऊं नये का?"

आम्ही म्हणालों, "घ्यावा. पण काव्यांत—"

"काव्यांत काय, आजोबा? ओफीलिया बुडाली तेव्हां तिथें कुणी नव्हतं का?"

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. कारण हा प्रश्न आम्हांस पूर्वी एकदां कोणी तरी विचारला होता.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही एका तालुक्याच्या गांवीं संस्कृत शिकवीत होतों. स्वतः मॅट्रिकच, बाकीचें शिक्षण पाठशाळेंतलें. पण इंग्रजीचे मास्तर रजेवर गेले कीं नववीचा तास आमच्याकडे येई, आणि आम्ही चार्ल्स आणि मेरी लँब यांनीं १८०७ सालीं लिहिलेल्या शेक्सपीअरच्या गोष्टी मराठींत सांगत असूं. त्या दिवशीं हॅम्लेट होता. लँबनें आटोपतें घेतलें होतें, म्हणून आम्हीं मूळ नाटकांतलें राणीचें वर्णन रंगवून सांगितलें. ओढ्यावर कललेला वाळुंज, हारांतलीं फुलें कोणकोणतीं, फांदी कशी मोडली, वस्त्रें पाण्यावर पसरून थोडा वेळ तिला कशीं तरंगत ठेवितीं झालीं, तशांतही ती जुन्या गाण्यांचे तुकडे कशी म्हणत होती, आणि मग भिजून जड झालेल्या वस्त्रांनीं तिला कशी खालीं ओढिली. वर्ग अगदीं चिडीचूप झाला. आम्ही स्वतःवर खूष होतों.

तिसऱ्या बांकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवीं ती तोंड उघडीत नसे. ती म्हणाली, "सर, फुलं कोणती होती ते सुद्धां ज्यानं पाहिलं, तो कांठावरच उभा असणार. मग त्यानं तिला ओढून कां नाहीं काढलं?"

आम्ही म्हणालों, "बाळ, हें काव्य आहे, पंचनामा नव्हे."

वर्ग खो खो हंसला. ती खालीं बसली. आमचें हें वाक्य आम्हांस इतकें आवडलें कीं शिक्षकांच्या खोलींत तें आम्हीं पुन्हां सांगितलें, आणि पुढें कैक वर्षें सांगत राहिलों.

जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां ती दहावीच्या वर्गांत नव्हती. लग्न करून दिलें असें कानांवर आलें. वर्गांतून दोनतीन मुली दरसाल अशा गळत, त्यामुळें आम्हीं चौकशी केली नाहीं. तिचें कांहीं वाईट झालें असेल असें नव्हे. चांगलेंही झालें असेल. आम्हांस ठाऊक नाहीं, इतकेंच. ठाऊक करून घेणें कठीण नव्हतें. तिचा गांव शाळेपासून दोन कोसांवर होता, आणि आमच्याजवळ सायकल होती.

मिले या इंग्रज चित्रकारानें १८५१-५२ सालीं ओफीलियेचें जें प्रसिद्ध चित्र काढिलें, त्याची हकीकत आम्हीं नंतर वाचली. एलिझाबेथ सिडल नांवाची मुलगी त्यासाठीं पाणी भरलेल्या न्हाणीच्या टबांत पडून राहत असे. पाणी ऊन राहावें म्हणून खालीं दिवे ठेविलेले असत. एके दिवशीं दिवे विझले. चित्रकार चित्रांत गढलेला, मुलगी भिडस्त. पाणी गार पडत गेलें तरी ती हूं कीं चूं न करितां पडून राहिली, आणि आजारी पडली. चित्र फार सुंदर आहे. आतां तें लंडनच्या टेट ब्रिटन संग्रहालयांत आहे. त्यांतलें एकेक फूल ओळखतां येतें.

नातीला ही शाळेंतली गोष्ट सांगितली तेव्हां तिनें गाणें थांबविलें नाहीं, आवाज तेवढा कमी केला. स्विफ्टबाईंच्या गाण्याविषयींचे आमचे दोन्ही आक्षेप शास्त्राला धरून आहेत आणि ते आम्ही मागें घेत नाहीं. भवभूतीचें काम वरचढ आहेच. परंतु त्या गाण्यांत कांठावरून कोणी तरी पाण्यांत उतरतें, आणि चारशें वर्षें जें वर्णन ऐकून आम्ही माना डोलाविल्या त्यांत कोणी उतरत नाहीं, हा फरक आम्हांस सत्तरीच्या उंबरठ्यावर एका नाचगाण्यांतून कळला. भवभूतीला तो आठव्या शतकांत ठाऊक होता. त्याची गंगा फुलें मोजीत बसत नाहीं. 'उत्तररामचरित' आम्ही आयुष्यभर शिकवलें, तरी हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

नातीनें त्या मुलीचें नांव विचारलें. तें आम्हांस आठवतें. येथें लिहीत नाहीं. ती आतां पन्नाशीच्या आसपास असेल. कदाचित् हा अंक तिच्याही घरीं येत असेल. तसें असल्यास तिला एवढें कळावें, कीं तिच्या प्रश्नाचें उत्तर तिच्या सरांना अजून आलेलें नाहीं, पण प्रश्न बरोबर होता.